‘वाडा चिरेबंदी’चं गटवाचन: आमच्या नोंदी

१३ जुलै, रविवार

नाटक ठरलं एकदाचं. बरेच दिवस ग्रुपवर नुसती नावं पडत होती, शेवटी आज कर्वेनगरला काकांच्या हॉलमध्ये बसून ‘वाडा चिरेबंदी’वर शिक्कामोर्तब झालं. कॉलेजवाल्या मुलांचं म्हणणं होतं की गेल्या चार-पाच वर्षांतलं काहीतरी घेऊया, १९८५ सालचं नाटक समकालीन कसं म्हणायचं. प्रश्न रास्त आहे. पण मग सहज विचारलं की इथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या गावाकडच्या घराचा, शेताचा वाटणीचा विषय अजून लटकलेला आहे, तर निम्म्याहून जास्त हात वर आले, त्यात त्या मुलांचेही होते. तिथेच वाद संपला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवते. महेश एलकुंचवारांचं नाटक, १९८५ ला विजया मेहतांनी पहिल्यांदा केलं. धरणगावकर देशपांडे हे विदर्भातलं घराणं. तात्याजी वारलेत, मुंबईचा मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली येतात, तेराव्याचा खर्च कसा करायचा इथपासून सुरू होतं आणि मग वाडा, शेत, दागिने सगळंच बाहेर येतं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ अशी आणखी दोन नाटकं आली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही मिळून सलग नऊएक तासांचा प्रयोग केला. आमच्यातल्या एका काकूंनी तो पाहिलाय, त्या बोलायला लागल्या की बाकीचे आपोआप गप्प होतात.

कामाची पद्धत अशी ठरली. प्रत्येकाने स्वतःची प्रत विकत घ्यायची किंवा लायब्ररीतून आणायची, झेरॉक्स नको. ॲक्टिंग करायची नाही, नीट आणि समजून वाचायचं. भूमिका दर वेळी फिरवायच्या. आणि माझा एकच हट्ट होता तो सगळ्यांनी मान्य केला, की रंगसूचना मोठ्याने वाचायच्या, एक माणूस फक्त त्यासाठीच ठेवायचा. घरी एकट्याने नाटक वाचताना आपण कंसातलं डोळ्याने उडवतो आणि संवादावर जातो, हे मी इतक्या जणांचं बघितलंय.

२० जुलै, रविवार

पहिल्या अंकाचा बराचसा भाग झाला. आज सगळा वेळ भाषेतच गेला पण तो जायलाच हवा होता.

पुण्यातल्या माणसाला वऱ्हाडी वाचायला दिली की तो पहिल्या वाक्यापासून हेल काढायला लागतो, कारण त्याने ती भाषा सिनेमात आणि एकपात्रीत फक्त हसवण्यासाठी ऐकलेली असते. भास्कर, म्हणजे थोरला मुलगा, वाचणाऱ्या दादाचं तेच होत होतं आणि ऐकणारे हसत होते, आणि प्रसंग काय तर घरात सुतक आहे. यवतमाळच्या काकू लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली असतील, त्यांनी शांतपणे थांबवलं. म्हणाल्या, आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात कोणी असं गाऊन नाही बोलत, आवाज खाली असतो, वाक्य संपताना तर जवळजवळ ऐकूच येत नाही. मग त्यांनी स्वतः भास्करचं एक पान वाचून दाखवलं. हेल होता, पण तो वाक्याच्या आत होता, वर चढवलेला नव्हता. खूप शिकायला मिळालं त्या एका पानात.

अंजलीची भाषा वेगळी, ती कोकणस्थ, शहरातली. तिची वाक्यं पुणेकरांना फार सोपी गेली. त्यामुळे पहिल्याच वाचनात सगळ्यांची सहानुभूती नकळत अंजलीकडे गेली हे मी नोंदवून ठेवतेय. आपल्यासारखं बोलणारा माणूस आपल्याला बरोबर वाटतो. पुढच्या वेळी अंजली यवतमाळच्या काकूंना द्यायची आणि वहिनी, म्हणजे भास्करची बायको, कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलीला.

२७ जुलै, रविवार

पाऊस जोरदार, सिंहगड रोडवरून येणारे अडकले, पण आले उशिरा का होईना.

आर्किटेक्चरच्या मुलीने घरून मास्किंग टेप आणली होती. हॉलमधलं टीपॉय, खुर्च्या सगळं बाजूला सरकवून तिने फरशीवर वाड्याचा नकाशा काढला. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागची विहीर, आणि अंगणात ट्रॅक्टर, जो बिघडून गंजत पडलाय. आम्ही पुस्तकाशी तंतोतंत जुळवत बसलो नाही, आमच्या समजुतीप्रमाणे आखला. ट्रॅक्टरसाठी काकांच्या गॅलरीतलं मोडकं कपाट आडवं करून ठेवलं. मग ज्याचा त्याचा प्रवेश आला की त्याने पुस्तक हातात घेऊन त्या रेघांमधून चालत जायचं.

आणि मग चंदूचं झालं.

चंदू म्हणजे धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, घरातली अंगमेहनतीची सगळी कामं त्याच्याकडे. एकट्याने वाचताना चंदू गायब होतो, कारण त्याला वाक्यंच फार कमी आहेत. आज तो आमच्या अकोल्याच्या मुलाकडे होता, हिंजवडीत आयटीत आहे, मुळातच कमी बोलतो. आता रंगसूचना मोठ्याने वाचल्या जात होत्या म्हणून दर थोड्या वेळाने चंदूचं नाव यायचं आणि हा उठायचा, त्या टेपच्या रेघांमधून आत जायचा, बाहेर यायचा, परत बसायचा, की परत उठायचा. बाकीचे सोफ्यावर बसून वाटणीवर, खर्चावर, कोणी कोणाला काय दिलं यावर तावातावाने वाचतायत आणि हा त्यांच्या मधून ये-जा करतोय. दर फेरीत त्या कपाटाला वळसा. काही वेळाने लोक पुस्तकातून मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले.

वाचन थांबवून मी त्याला विचारलं काय वाटतंय. म्हणाला, “ताई, हे सगळे घराबद्दल बोलतायत पण घर चालवतोय मी एकटाच.” पुढे काही बोलला नाही. मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. नाटकात पुढे चंदूच्या पायाला लागतं, जखम चिघळत जाते आणि त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नसते, ते आज नुसतं चालून बघितल्यावर किती वेगळं कळलं.

३ ऑगस्ट, रविवार

कॉलेजची मुलं नाहीत, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी चालू आहेत. साहजिक आहे, या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या पलीकडे त्यांना दुसरं काही सुचत नाही.

थोडेच जण होतो म्हणून फक्त दादीवर काम केलं. दादी म्हणजे तात्याजींची आई. मुलगा गेलाय हे तिच्यापर्यंत पोचतच नाही, ती त्यालाच हाका मारून किती वाजले विचारत राहते. आम्ही दादी वाचणाऱ्या काकूंना आतल्या बेडरूममध्ये बसवलं, दार अर्धं लोटून. बाहेर वाचन चालू आणि आतून हाक. बाहेरच्यांचा वेग आपोआप पडला, प्रत्येक हाकेनंतर पुढचं वाक्य कोणाचं यावरून सगळे घुटमळायचे. ठेवायचं असंच.

१० ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब होणार आहे.

मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं की प्रभा वाटा मागून घराबाहेर का पडत नाही. प्रभा म्हणजे बहीण, हुशार, पुढे शिकायची प्रचंड इच्छा होती पण तात्याजींनी बाहेर पाठवलं नाही आणि ती तशीच राहिली त्या घरात. आमच्यातली एक ताई शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते, ती आज या एका प्रश्नासाठी तयारी करून आली होती. काकांच्या नातवाचा व्हाइटबोर्ड घेतला आणि सरळ धरणगावकर देशपांड्यांची वाटणीच मांडली.

तिने आधी सांगितलं की नाटक १९८५ चं आहे, म्हणजे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, जुन्या स्वरूपात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आला, तोही तेव्हा ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं त्यांना, आणि देशभर २००५ मध्ये. त्यामुळे प्रभाच्या वेळी हिशोब दोन पायऱ्यांत होतो. सगळी मिळकत वडिलोपार्जित धरा. तात्याजी जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं, त्यात तात्याजी, आई (म्हणजे तात्याजींची बायको), भास्कर, सुधीर, चंदू असे पाच समान वाटे. प्रभा त्यात नाहीच. मग तात्याजींचा जो एक पंचमांश, त्याचे सहा भाग, त्यात आई, दादी, तिघे मुलगे आणि प्रभा. म्हणजे प्रभाच्या हाती आला तिसातला एक भाग. भास्करला तिसातले सात.

एवढ्यावर सगळे हळहळले पण ती म्हणाली थांबा, अजून आहे. त्या कायद्यात कलम २३ होतं, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी बाईला मागताच यायची नाही, घरातले पुरुष वारस स्वतः वेगळे व्हायचं ठरवत नाहीत तोपर्यंत. लग्न न झालेल्या मुलीला त्या घरात राहायचा हक्क मात्र होता. म्हणजे प्रभा वाड्यात आयुष्यभर राहू शकत होती, पण वाड्यातलं काही मोकळं करून मागून घेऊन बाहेर पडू शकत नव्हती. हे कलम २००५ मध्ये निघालं.

आम्ही सगळे बोर्डाकडे बघत बसलो. मग अकोल्याच्या मुलाने हळूच विचारलं, “आणि चंदूला किती?”

तिसातले सात. भास्करला जितके तितकेच. सुधीरला जितके तितकेच. आणि आईलाही सातच.

हे बोर्डवर सगळ्यांसमोर होतं पण कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण आम्हीही देशपांड्यांसारखंच चंदूला हिशोबात धरत नव्हतो. घरातला निम्म्याला थोडाच कमी हिस्सा आई आणि चंदूचा, तिसातले चौदा, आणि सगळ्या बोलाचालीत निर्णय कोण घेतं तर भास्कर आणि सुधीर. प्रभाचं दुःख आम्हाला पहिल्या वाचनापासून दिसत होतं, ती बोलते, तिचा राग ऐकू येतो. चंदूला कायद्याने सगळं आहे आणि तरी तो पाणी भरतोय. माझ्या मते नाटकाचा कणा इथे आहे. वाडा पडतोय म्हणून हळहळणारं नाटक असं याच्याबद्दल बोललं जातं, आम्हीही तसंच म्हणत सुरुवात केली, पण कोणाच्या पाठीवर तो इतकी वर्षं उभा होता हे एलकुंचवारांनी न बोलता, नुसतं त्या माणसाला स्टेजवर फिरवत ठेवून लिहिलंय. मला आज ते लखलखीत दिसलं.

महसूल खात्यातून रिटायर झालेल्या काकांनी नंतर जमिनीचं सांगितलं. देशपांडे म्हणजे मुळात परगण्याचा हिशोब ठेवणारे वतनदार, वतनं गेली, मग विदर्भासाठीचा १९५८ चा कुळकायदा, मग १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे जमिनीच्या कमाल मर्यादेचा. नाटकात याच्यावर भाषण नाही, आणि ते बरंच आहे, पण भास्करच्या तोंडी सारखा जुना मान येतो त्याच्यामागे काय काय हातातून गेलं होतं ते समजलं. काका म्हणाले ज्यांना त्या जमिनी मिळाल्या त्यांचीही घरं मी बघितलीत, तीही बाजू धरा. धरली.

१७ ऑगस्ट, रविवार

दागिन्यांचा प्रवेश. रात्र, भास्कर घराण्याचे दागिने बाहेर काढतो आणि वहिनी ते अंगावर घालते.

कोथरूडची मुलगी वहिनी वाचत होती, चांगलं वाचलं पण भराभर गेलं. तेव्हा नऊ तासांचा प्रयोग बघितलेल्या काकू म्हणाल्या की हिने आयुष्यात जुना दागिना हातात धरलेला नाही त्यामुळे तिला वजनच येत नाहीये. त्यांचं माहेर सराफीतलं. मग त्यांनी वेगळीच शाळा घेतली. गोठ कसे असतात, तोडे, वाकी, चिंचपेटी, चंद्रहार. एक तोळा म्हणजे जवळपास पावणेबारा ग्रॅम आणि पाच-सहा तोळ्यांचा गोठ मनगटावर चढवताना हाताचा अंगठा आत दुमडून, थोडं तेल लावून कसा ढकलावा लागतो हे प्रत्यक्ष करून दाखवलं, त्यांच्याकडे रोजच्या वापरातल्या पाटल्या होत्या त्यांवर. पोकळ दागिन्यांत आत लाख भरलेली असते, हाताला जड लागतं पण आटवायला गेलं की सोनं कमी निघतं, हेही सांगितलं. मुलगी आ वासून ऐकत होती.

मग परत वाचलं. एकेका दागिन्याला थांबून. ती पाटली तिने खरोखर हातात धरली होती आणि बोटांनी फिरवत वाचत होती. वहिनी दिवसभर राबणारी, घरातल्या मोठ्या सुनेची कर्तव्यं निमूट करणारी बाई, आणि त्या एका रात्री ती कोणीतरी वेगळीच होते, तिच्या आधी ज्यांनी हे घातलं त्या सगळ्या बायकांसारखी ती उभी राहते. इतक्या वर्षांत मी हा प्रवेश भास्करचा लोभ म्हणूनच वाचत आले होते, आज वहिनीचा म्हणून ऐकला.

आम्ही एक प्रयोग केला. त्या प्रवेशात जे नाहीत त्यांनाही वर्तुळात बसवून ठेवलं, पुस्तक बंद करून, नुसतं ऐकत. प्रभा वाचणारी वकील ताई समोरच होती. नंतर म्हणाली मला बघवत नव्हतं, माझं शिक्षण त्या डब्यात होतं. आणि चंदू वाचणारा खाली फरशीवर पाय लांब करून बसलेला, तो काही बोलला नाही, त्याला आम्ही विचारलंही नाही. हे पुढच्या वाचनातही असंच करायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीआधीचं शेवटचं. आज फक्त अंजली आणि सुधीर. मुंबईहून आलेली सून परकी की स्वच्छ नजरेची, यावर दोन तट पडले आणि चहा गार झाला तरी कोणी उठेना. यवतमाळच्या काकूंनी अंजली वाचली तेव्हा ती एकदम एकटी वाटली, घरात सगळे आपल्याबद्दल काय बोलत असतील याचा अंदाज घेत बसलेली. अदलाबदलीचा फायदा दिसतोय. सुधीरबद्दल मात्र पुण्यात नोकरीला आलेल्या सगळ्यांचं एकमत, की तो मुंबईत फार काही सुखात नाही आणि हे गावाकडे सांगता येत नाही. यावर जास्त चर्चा करायला कोणी तयार नव्हतं, मीही ताणलं नाही.

आता मिरवणूक संपेपर्यंत सुट्टी.

१४ सप्टेंबर, रविवार

भास्करची मुलगी रंजू मास्तरबरोबर पळून जाते, दागिने घेऊन, तिथपासून शेवटपर्यंत. रंजू आज एकोणीस वर्षांच्या मुलीने वाचली. तिचं म्हणणं पडलं की सगळे रंजूला सिनेमाच्या नादाची, अक्कल नसलेली मुलगी म्हणून सोडून देतात, पण त्या घरातून बाहेर पडलेली पहिली बाई तीच आहे, प्रभाला जे जमलं नाही ते तिने केलं आणि चुकीच्या माणसाबरोबर केलं. वकील ताईने लगेच होकार दिला. मला हे पटायला थोडा वेळ लागला पण पटलं.

पितृपंधरवडा चालू आहे त्यामुळे तेराव्याच्या खर्चाचे प्रवेश परत काढले. गावजेवण घालायचं की नाही, नाही घातलं तर लोक काय म्हणतील. प्रत्येकाकडे घरचा एक अनुभव होता. एका दादाने सांगितलं की वडिलांच्या तेराव्याला काढलेलं कर्ज तो नोकरी लागल्यावर फेडत होता. त्याने नंतर भास्करची ती वाक्यं वाचली आणि या वेळी भास्कर अजिबात खोटा वाटला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री असल्यामुळे सकाळी बऱ्याच जणांच्या घरी काम होतं, म्हणून संध्याकाळी जमलो. घरच्या मंडळींपुढे निवडक प्रवेश वाचले, हॉलमध्येच, तिकीट वगैरे काही नाही. बाहेर कुठे जाहीर करायचं झालं तर लेखकाची रीतसर परवानगी घ्यावी लागेल, ते आत्ता डोक्यात नाही.

फरशीवर टेप होती, कपाट होतं, दादी आतल्या खोलीत. चंदू अकोल्याच्याच मुलाकडे ठेवला, भूमिका फिरवायचा नियम त्याच्यापुरता सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवला. त्याचे आईवडील गावाहून आलेले होते. वडील पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. वाचन संपल्यावर लोक अंजलीवर, सुधीरवर बोलायला लागले आणि मध्येच ते म्हणाले, “तो धाकटा भाऊ, त्याचं लग्न का नाही केलं यांनी?” त्याच्यावर जो तासभर वाद झाला त्यात काकांच्या शेजारचे लोकपण येऊन बसले. उत्तरं खूप आली, जमीन तुटू नये म्हणून, हक्काचा गडी जाऊ नये म्हणून, कोणी मुलगी दिली नसती म्हणून. आईला हे दिसत नव्हतं का, यावर मात्र खोलीतल्या बायकांनी एकेक करून बोलायला सुरुवात केली आणि पुरुष ऐकत राहिले.

पुढचं काम: ‘मग्न तळ्याकाठी’. त्यात भास्करचा मुलगा पराग मोठा झालाय आणि सुधीरचा मुलगा अभय प्रत्यक्ष येतो. दसरा झाल्यावर पहिला रविवार, वेळ तीच. प्रती आत्ताच बघायला लागा, अप्पा बळवंत चौकात चौकशी करायचं काम कॉलेजच्या मुलांनी घेतलंय. रंगसूचना वाचायला या वेळी मी बसणार. आणि वकील ताईला विनंती, की पहिलं नाटक संपताना जे काही शिल्लक आहे त्याचा हिशोब बोर्डवर मांडूनच सुरुवात करूया.